मांस निवडणाऱ्या बायकांचं घराणं

‘पीटर लूगर’मध्ये मेनूकार्ड मागितलं की वेटरला कळतं, गिऱ्हाईक नवखं आहे. सरावलेली मंडळी खुर्ची सरकवता सरकवताच सांगून टाकतात : टोमॅटो-कांदा, बेकनचे दोन तुकडे, तिघांचा स्टेक, मीडियम-रेअर, पालक, बटाटे. झाली ऑर्डर. इथला नावाजलेला स्टेक माणसं मोजून मागवायचा असतो. दोघांचा, तिघांचा, चौघांचा. टेबलं उघड्या लाकडाची, वर कापड नाही. भिंतींना लाकडाची आवरणं, डोक्यावर पितळी झुंबरं, पांढरा सदरा, बो आणि अ‍ॅप्रनमधले वेटर. एखाद्या जुन्या जर्मन बिअरघरात आल्यासारखं वाटावं असा सगळा थाट आणि दोघांच्या स्टेकला शंभर डॉलरहून बरंच जास्त बिल. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात, विल्यम्सबर्ग पुलाच्या तोंडाशी, १७८ ब्रॉडवे या पत्त्यावर हे चाललं आहे. पूल १९०३ सालचा. हॉटेल त्याच्याही आधीचं, १८८७ सालचं.

गोमांसावर मराठीत लिहायचं म्हटलं की लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला थोडं अवघडायला होतं, ते मान्य करूनच पुढे जाऊ. महाराष्ट्रात २०१५ पासून बैल आणि वळू यांच्याही कत्तलीवर बंदी आहे. गायीवर ती आधीपासून होतीच. गोव्यात आणि परदेशी स्थायिक झालेल्या अनेक मराठी घरांत चित्र वेगळं आहे. हा लेख कुणी काय खावं हे सांगण्यासाठी नाही. एक धंदा सव्वाशेहून अधिक वर्षं एकाच पदार्थावर कसा उभा राहतो, हे समजून घेण्यासारखं आहे, आणि त्याचं उत्तर स्वयंपाकघरात सापडत नाही, म्हणून हा खटाटोप. पुण्या-मुंबईच्या वाचकाला स्टेक म्हटलं की आठवतो तो लोखंडी तव्यावर चरचरत, वाफा सोडत येणारा सिझलर. त्यात कोबीची पानं, फ्रेंच फ्राइज, सॉस, धूर, नूडल्स, सगळी जत्रा असते. न्यूयॉर्कच्या जुन्या स्टेकहाउसात यातलं काहीच नसतं. ताटात मांस असतं. बाकीचं बाजूच्या वाटीत.

१८८७ साली पाटी होती ‘कार्ल लूगर्स कॅफे, बिलियर्ड्स अँड बोलिंग अ‍ॅली’. विल्यम्सबर्ग तेव्हा जर्मन वस्तीचं. मालक पीटर लूगर, आणि स्वयंपाकघर सांभाळणारा त्याचा पुतण्या कार्ल. बिलियर्ड्स गेलं, बोलिंग गेलं, स्टेक राहिला. १९४१ साली पीटर वारला, कारभार मुलाकडे गेला आणि हॉटेलला उतरती कळा लागली. १९५० साली ते लिलावात निघालं.

रस्त्याच्या पलीकडे सोल फोरमन नावाच्या गृहस्थांचा धातूच्या वस्तूंचा कारखाना होता. माल घ्यायला आलेल्या व्यापाऱ्यांना जेवायला न्यायचं ते लूगरमध्ये, आणि कुणी आलं नाही तरी हे एकटे तिथेच. हॉटेल बंद पडलं तर पाहुण्यांना न्यायचं कुठे, ही त्यांची खरी अडचण. भागीदाराबरोबर त्यांनी अगदी किरकोळ बोली लावली आणि ती लागली. आयुष्यभर जवळजवळ रोज स्टेक खाऊन फोरमन २००१ साली वारले, तेव्हा त्यांचं वय ९८ होतं. हृदयरोगतज्ज्ञांनी हे वाक्य वगळून पुढे वाचावं.

पण फोरमनना स्टेक खाता येत होता. मांस ओळखता येत नव्हतं. लूगरची खरी गोष्ट सुरू होते ती त्यांच्या पत्नीपासून. हॉटेल हाती आल्यावर मांस खरेदीची जबाबदारी मार्शा फोरमन यांनी उचलली. मांसाची प्रत ठरवणारा एक निवृत्त सरकारी माणूस त्यांनी गुरू केला, आणि जवळजवळ दोन वर्षं त्याच्याबरोबर मॅनहॅटनच्या घाऊक बाजारात हिंडून त्या शिकल्या. १९५०च्या दशकातला मांसबाजार. पहाटेची वेळ, शीतगृहाची थंडी, आकड्यांना टांगलेली अर्धी-अर्धी जनावरं आणि सगळीकडे पुरुष. त्यात एक बाई बॅटरी घेऊन कापाचा रंग बघते आणि ‘हे नको, ते नको’ म्हणते. व्यापाऱ्यांच्या कपाळाला किती आठ्या पडल्या असतील याची कल्पना करता येते. आठ्या पडल्या तरी माल द्यावाच लागला, कारण पैसे रोख आणि गिऱ्हाईक रोजचं.

मार्शाबाईंनी हे ज्ञान मुलींना दिलं. मॅरिलिन स्पिएरा आणि एमी रूबेनस्टाइन या त्यांच्या मुली बाजारात जाऊ लागल्या, त्यांच्यानंतर नात जोडी स्टॉर्च. निवडलेल्या मालावर घराचा शिक्का मारायचा, म्हणजे वाटेत अदलाबदल नको. शेफ बदलले, वेटर निवृत्त झाले, पण कुठलं मांस आत येणार हा निर्णय तीन पिढ्या या घरातल्या बायकांनी स्वतःच्या हाताबाहेर जाऊ दिला नाही.

आपल्याकडे रविवारी मटण आणायला घरातला ठरावीकच माणूस जातो, आणि तो खाटकाच्या ओट्यापाशी उभा राहून ‘पुठ्ठ्याचं दे, सीना थोडा घाल, चरबी नको’ असं सांगत सुरीवर नजर ठेवतो. दुसरं कुणी गेलं तर रस्सा तसा होत नाही, असा घराचा ठाम समज असतो. लूगरचा सगळा धंदा याच समजावर चालतो. फरक एवढाच, की मटणाला वाटण-मसाला थोडाफार सांभाळून घेतो. स्टेकला मीठ आणि लोणी यांच्यापलीकडे कुणी वाली नाही. मांस सामान्य असेल तर ते झाकायची सोयच नाही.

मग या बायका पाहतात तरी काय? अमेरिकेत गोमांसाची सरकारी प्रतवारी १९२०च्या दशकात सुरू झाली. ती ऐच्छिक आहे. कत्तलखान्याने पैसे भरून करून घ्यायची. बाराव्या आणि तेराव्या बरगडीच्या मध्ये आडवा काप घेतात आणि उघड्या पडलेल्या स्नायूत चरबीच्या पांढऱ्या रेषा किती आणि कशा पसरल्या आहेत ते बघतात. जनावराचं वयही बघतात. सगळ्यात वरची प्रत ‘प्राइम’, मग ‘चॉइस’, मग ‘सिलेक्ट’. प्राइमचं प्रमाण अलीकडे दहा टक्क्यांच्या आसपास आलं आहे. काही दशकांपूर्वी ते याहून खूप कमी होतं. पण प्राइमचा शिक्का म्हणजे फक्त पास झाल्याचं प्रमाणपत्र. प्राइममध्येही काठावर पास झालेलं आणि पहिलं आलेलं असा फरक असतोच. चरबीची जाळी बारीक आणि सगळीकडे सारखी हवी, ठिकठिकाणी गोळे नकोत. चरबी पांढरी हवी. मांसाचा रंग उजळ लाल हवा. गडद, काळपट रंग म्हणजे जनावर थकलेलं किंवा घाबरलेलं होतं. हाड कोवळं हवं. सरकारी शिक्का असलेला मालही या बाया परत पाठवतात, तो या कारणांसाठी.

ही चरबी येते मक्यातून. अमेरिकेतली गुरं सुरुवातीला कुरणात वाढतात आणि शेवटचे काही महिने त्यांना गोठ्यांच्या छावणीत उभं करून मका-धान्याचा खुराक देतात. त्यातूनच स्नायूच्या आत चरबीचं जाळं विणलं जातं. गवतावरच वाढलेल्या गुरांचं मांस वेगळ्या चवीचं असतं, ते यामुळे. या खुराकाची किंमत जनावरं मोजतात, आणि जमीन, पाणी, हवाही मोजतात, हे स्टेकचं गुणगान करताना विसरू नये. गोमांस हे पृथ्वीला सगळ्यात महाग पडणाऱ्या अन्नांपैकी एक आहे. महिन्याकाठी चार वेळा स्टेक खाणाऱ्याचं समर्थन माझ्याच्याने होणार नाही. वर्षातून एकदा खाणाऱ्याशी मात्र माझं भांडण नाही.

लूगरला हवा असतो तो जनावराच्या कमरेवरचा, पाठीच्या कण्यालगतचा भाग. चालताना-उभं राहताना या स्नायूंना फारसं काम नसतं, म्हणून ते मऊ. या भागाचे हाडासकट आडवे काप काढले की इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचं हाड मध्ये राहतं. एका बाजूला घट्ट, चवदार स्नायू आणि दुसऱ्या बाजूला लोण्यासारखा मऊ. या मऊ भागाची जाडी सव्वा इंच किंवा त्याहून जास्त असेल तरच त्या कापाला ‘पोर्टरहाउस’ म्हणायचं, नाहीतर तो साधा ‘टी-बोन’. हा सरकारी नियम आहे. मऊ भाग जाड असतो तो फक्त मागच्या टोकाकडे. म्हणजे एवढ्या मोठ्या जनावरातून पोर्टरहाउसचे काप मोजकेच निघतात.

निवडून आणलेलं मांस लगेच शिजवत नाहीत. हॉटेलच्या तळघरातल्या थंड खोलीत ते उघडंच फळ्यांवर ठेवतात. तापमान गोठणबिंदूच्या जरा वर, हवेत ठरावीक दमटपणा, पंख्यांचा वारा सतत. अशा मुरवण्याला साधारण तीन-चार आठवडे लागतात; लूगर आपला नेमका काळ सांगत नाही. या दिवसांत दोन गोष्टी घडतात. मांसातलं पाणी उडून चव दाट होते, आणि मांसातलीच विकरं स्नायूंचे तंतू हळूहळू तोडत जातात, त्यामुळे ते मऊ होतं. वरून काळपट, कडक साल धरते. ती कापून टाकावी लागते. उडालेलं पाणी आणि कापलेली साल धरली तर पाचवा हिस्सा, कधी त्याहूनही जास्त वजन जातं. विकत घेतलेला माल तळघरात पडून आहे, रोज हलका होतोय आणि विजेचं बिल चालू आहे. बिलातला मोठा आकडा इथून येतो. १९६०च्या दशकात कत्तलखान्यातच मांसाचे भाग करून, प्लास्टिकच्या निर्वात पिशव्यांत भरून, खोक्यांतून पाठवायची पद्धत आली. पिशवीतल्या मांसाचं वजन घटत नाही, जागाही कमी लागते. बहुतेक हॉटेलांनी तळघरं रिकामी केली. लूगरने केली नाहीत.

यानंतर स्वयंपाक उरतो तो थोडाच. आग वरून येते. भट्टीत ज्योतीखाली मांस सरकवायचं, उष्णता चारशे अंश सेल्सिअसच्या घरातली. वरचा थर करपायच्या बेतात येतो, तांबूस-काळा होतो, आत मात्र लाली टिकते. मग बाहेर काढून हाडापासून सोडवून काप करायचे, पुन्हा हाडाभोवती मांडायचे, लोणी घालायचं आणि थाळीसकट परत भट्टीत. टेबलावर थाळी येते ती तडतडत, एका बाजूला उपड्या बशीवर टेकवून तिरपी ठेवलेली. लोणी आणि मांसाचा रस उतारावर साचतो आणि वेटर तो चमच्याने कापांवर घालत राहतो. मीडियम-रेअर मागवलं तर रस लालसर दिसतो आणि आपल्याकडच्या माणसाला शिसारी येते. ते रक्त नव्हे. रक्त कत्तलीच्या वेळीच निघून जातं. स्नायूंत प्राणवायू साठवणारं मायोग्लोबिन नावाचं लाल प्रथिन पाण्याबरोबर उतरतं, तो हा रंग. ‘वेल डन’ मागवण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. मात्र महिनाभर जपून मुरवलेल्या मांसातला रस आगीत घालवायचा असेल तर इतके पैसे मोजायची गरज नाही, जवळच्या कुठल्याही हॉटेलात ते काम स्वस्तात होतं.

बाजूच्या पदार्थांबद्दल थोडक्यात. बेकनचा तुकडा बोटभर जाडीचा, नगावर मिळणारा, आणि माझ्या मते यादीतला सगळ्यात सरळ पदार्थ. टोमॅटो-कांदा म्हणजे दोन्हींच्या जाड चकत्या, वर लूगरचा गोडसर-आंबट सॉस. टोमॅटोचा हंगाम नसेल तर मागवू नये. सायीतला पालक हा सवयीचा भाग आहे. शेवटी केकबरोबर फेटलेल्या सायीचा डोंगर येतो, त्याचं नाव अजून जर्मनच आहे, ‘श्लाग’.

न्यूयॉर्कच्या स्टेकहाउसचं कूळ शोधत गेलं की दोन पूर्वज सापडतात. एक, इंग्रजी वळणाची चॉपहाउसं. दुसरा, ‘बीफस्टेक’ नावाच्या पंगती. एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या सुरुवातीला राजकीय पक्षांचे क्लब आणि कामगार संघटना या पंगती घालत. जोसेफ मिचेलने १९३९ साली ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकात त्यांच्यावर एक सुंदर वार्तांकन लिहिलं आहे. पुरुषांनी अ‍ॅप्रन बांधायचे, काटे-चमचे नाहीत, लोण्यात बुडवलेले मांसाचे काप पावावर घेऊन हाताने खायचे आणि बिअर ढोसायची. बायकांना प्रवेश नाही. १९२० साली अमेरिकन स्त्रियांना मताधिकार मिळाला, मतं हवी असलेल्या पुढाऱ्यांनी त्यांना बोलवायला सुरुवात केली, आणि जुने खवय्ये कुरकुरू लागले की पंगतीचा सत्यानाश झाला.

मॅनहॅटनमधल्या १८८५ सालच्या ‘कीन्स’मध्येही बायकांना मज्जाव होता. नटी लिली लँगट्री हिने १९०५ साली त्यांच्यावर खटला भरला, जिंकला आणि पिसांचा गळपट्टा मिरवत येऊन मटण चॉप मागवला, असं कीन्सवालेच आज अभिमानाने सांगतात. तिथल्या छतांना मातीचे, लांब दांड्यांचे हजारो पाइप टांगलेले आहेत. गिऱ्हाइकांचे, नंबर घातलेले. थिओडोर रूझवेल्टपासून आइनस्टाइनपर्यंत नावं या पाइपांच्या मालकांत आहेत. अशा या पुरुषी दुनियेत, पुलापलीकडच्या ब्रुकलिनमध्ये, सगळ्यात नावाजलेल्या स्टेकहाउसचं मांस मात्र बायका निवडत होत्या. गिऱ्हाइकांपैकी किती जणांना हे ठाऊक होतं कोण जाणे.

बाकीच्या घराण्यांचेही किस्से आहेत. ‘पाम’ १९२६ सालचं, इटलीच्या पार्मा भागातून आलेल्या दोघांचं. नाव ‘पार्मा’च द्यायचं होतं, नोंदणीच्या कारकुनाने ‘पाम’ ऐकलं असं ते सांगतात. ‘गॅलघर्स’ने मांस मुरवायची खोलीच काचेआड रस्त्यावर आणली आहे, येणाऱ्या-जाणाऱ्याने बघावी म्हणून. ‘स्पार्क्स’च्या दारात १६ डिसेंबर १९८५ला माफिया म्होरक्या पॉल कॅस्टेलानो याला गोळ्या घातल्या गेल्या, धंदा त्याने काही कमी झाला नाही. ‘स्मिथ अँड वोलेन्स्की’ १९७७चं, आणि त्या पाटीवरची दोन्ही नावं मालकाने टेलिफोन डिरेक्टरीतून उचललेली.

लूगरचे वेटर तुसडे म्हणून प्रसिद्ध आहेत. नवख्याला ते झापतात, ओळखीच्याला चिडवतात, आणि दोघांनाही लवकर उठवतात. दशकानुदशकं क्रेडिट कार्ड घेतलं नाही. रोख द्या, धनादेश द्या, नाहीतर लूगरचं स्वतःचं कार्ड काढा. बिलाबरोबर सोनेरी कागदातली चॉकलेटची नाणी येतात. हा सगळा तोरा गिऱ्हाइकांनी कौतुकाने सोसला, कारण थाळी तशी होती.

मग २०१९च्या ऑक्टोबरात ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे समीक्षक पीट वेल्स यांनी एकही तारा न देता लूगरची सालं काढली. रांगा, उर्मटपणा, बेफिकीर स्वयंपाक, आणि या दर्जाला हा दर कशासाठी, असा त्यांचा सूर होता. शहरात आठवडाभर दुसरा विषय नव्हता. २०२२ साली मिशेलिननेही दिलेला तारा काढून घेतला. मधल्या काळात करोना आला. २०२१च्या सुरुवातीला निर्बंधांमुळे बरीच टेबलं रिकामी ठेवावी लागली, तेव्हा मादाम तुसॉद संग्रहालयातून मेणाचे पुतळे आणून बसवले. ऑड्री हेपबर्न एका टेबलाशी, जॉन हॅम बारवर. २०२१ सालीच टोकियोत शाखा निघाली, २०२३ साली लास वेगासच्या सीझर्स पॅलेसमध्ये.

वेल्स यांची तक्रार मला पटते, पण अर्धीच. तोरा मिरवायचा तर चूक परवडत नाही, हे खरं. भट्टीवर घाई झाली तर निवड आणि तळघर दोन्ही वाया जातात, हेही खरं. तरी जी गोष्ट लूगरला इतरांपासून वेगळी करते ती ताटाच्या फार आधी घडते, आणि एखाद्या संध्याकाळच्या जेवणातून तिचं माप निघत नाही. माझी शंका शाखांबद्दल आहे. एका घरातल्या दोन-चार बायकांच्या नजरेवर एक हॉटेल चालतं, फार तर दोन. तीन शहरांत आणि दोन खंडांवर ती नजर कशी पोचवणार, याचं उत्तर अजून मिळायचं आहे. खायचंच असेल तर ब्रुकलिनला खावं.

जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी. रोख पैसे जवळ ठेवा. तिघं असाल तर दोघांचा स्टेक आणि बेकन पुरतं. गोमांस चालत नसेल तर कीन्सला जा, तिथला मटण चॉप मेंढीचा आहे. आणि लूगरची चव बघायची आहे पण खिशाला झेपत नाही, तर दुपारी जाऊन बर्गर मागा. मुरवलेल्या स्टेकच्या कातरणांचं मांस त्यात असतं, आणि तो पावणेचारनंतर मिळत नाही.